पाऊस, गारा, ऊन, थंडी : शेतात कधी पळायचं आणि कधी हात बांधून बसायचं

शेतात हवामान बिघडलं की नुकसान दोनदा होतं. पहिलं हवामान करतं, ते आपल्या हातात नसतं. दुसरं आपणच करतो, नंतरच्या तीन-चार दिवसांत, घाबरून नाहीतर घाई करून. मी हे स्वतःच्या शेतात शिकलोय. एका वर्षी चार दिवस सलग झड लागली, पाचव्या दिवशी कडक ऊन पडलं, माती वरून पांढरी दिसायला लागली आणि तण तर गुडघ्याला आलेलं, मग काय, घातला ट्रॅक्टर. खाली सगळा चिखल. चाकांच्या दोन पट्ट्या अशा दाबल्या गेल्या की पुढचे दोन हंगाम त्या पट्ट्यांवरचं पीक शेजारच्या ओळींपेक्षा वीतभर बुटकं राहिलं, लांबून बघितलं तरी कळायचं इथून ट्रॅक्टर गेला होता म्हणून. पावसाने जेवढं घालवलं त्यापेक्षा जास्त मी घालवलं.

म्हणून हे लिहितोय. काही कामं तासाभरात करायची असतात आणि काही कामांना आठवडा थांबायचं असतं, आणि आपण नेमकं उलटं करतो.

आधी मोजा तरी

"लई पाऊस झाला" हे माप नाही. सरळ उभ्या भिंतीचा कुठलाही डबा घ्या, तोंड आणि बूड सारख्याच रुंदीचं पाहिजे, बादलीसारखा वर पसरट नको. उघड्यावर ठेवा, झाडापासून निदान झाडाच्या दुप्पट उंचीएवढा लांब. सकाळी पट्टी घालून किती मिलिमीटर पाणी आहे बघा, झालं पर्जन्यमापक. डबा रुंद असो की अरुंद, आकडा तोच येतो, कारण आपण खोली मोजतोय.

आता हिशोब. १ मिमी पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर १ लिटर पाणी, म्हणजे एकरावर साधारण ४ हजार लिटर. रात्रीत ५० मिमी पडला तर एकरावर दोन लाख लिटर पाणी आलं, दहा हजार लिटरचे वीस टँकर एका रात्रीत रिकामे केल्यासारखं. हे कळलं की चर का काढायचे हे कुणी सांगावं लागत नाही. आणि उलटंही आहे, चार थेंब पडून अंगण ओलं झालं म्हणजे पिकाला पाणी मिळालं असं नाही, ३-४ मिमी पाऊस पानं आणि वरची माती भिजवून उन्हाने उडून जातो, मुळाला काहीच मिळत नाही, तरी आपण मोटार बंद करून बसतो.

अंदाजाचं म्हणाल तर मोबाईलवर पुढच्या पंधरा दिवसांची ढग-सूर्याची चित्रं बघून काही ठरवू नका. पुढच्या तीन दिवसांचा अंदाज कामाचा, पाच-सहा दिवसांपर्यंतचा नुसता कल म्हणून बघायचा, त्यापुढचं वाचून सोडून द्यायचं. आणि नुसता पाऊस बघू नका, वाऱ्याचा वेग, रात्रीचं किमान तापमान आणि आर्द्रता बघा, कारण फवारणी, थंडी आणि रोग ह्या तिन्हीचं उत्तर तिथे असतं.

पाणी साचलं : इथे पळायचं

पाणी साचल्यावर पीक बुडून मरत नाही, गुदमरून मरतं. मातीच्या कणांमधल्या पोकळीत हवा असते, तिथे पाणी शिरलं की मुळं आणि मातीतले जिवाणू मिळून उरलेला ऑक्सिजन संपवतात, उबदार दिवसांत हे २४ ते ४८ तासांत होतं. म्हणून गंमत बघा, पाण्यात उभं असलेलं झाड मान टाकतं, तहानल्यासारखं दिसतं, कारण गुदमरलेलं मूळ पाणी ओढू शकत नाही. भात सोडला तर बहुतेक पिकांचं हेच. त्यामुळे पाऊस थांबायची वाट न बघता, फक्त विजा नसताना, खोरं घेऊन बाहेर पडायचं आणि उताराच्या बाजूने बांध फोडून पाण्याला वाट करून द्यायची. मात्र ती वाट शेजाऱ्याच्या पिकात जात असेल तर आधी त्याच्याशी बोला, ह्या एका गोष्टीवरून भावकीत वीस-वीस वर्षं बोलणं बंद झालेलं बघितलंय.

पाणी उतरल्यावर लगेच खताचं पोतं उचलू नका. पानं पिवळी पडलेली असतात, नत्र कमी पडलंय हे खरंच असतं (हलक्या जमिनीतून ते पाण्याबरोबर खाली निघून जातं आणि भारी चिबड, म्हणजे पाणी धरून बसणाऱ्या, जमिनीत वायू होऊन उडून जातं), पण मूळच काम करत नसेल तर खत घेणार कोण? आधी एक-दोन झाडं हलक्या हाताने मुळासकट उपटा आणि नीट बघा. पांढरी, टणक मुळं असतील तर झाड जिवंत आहे, सावरेल. तपकिरी असतील, कुजका वास येत असेल, आणि मूळ दोन बोटांत धरून ओढल्यावर वरची साल मोज्यासारखी निघून आत नुसता दोरा उरत असेल तर मूळकूज लागलीय. शेताच्या चार-पाच ठिकाणी असं बघा, फक्त बांधावरच्या एका झाडावरून निकाल देऊ नका.

मुळं बरी असतील तर पहिला आधार पानांतून द्यायचा, १ ते २ टक्के युरिया, म्हणजे लिटरला १० ते २० ग्रॅम, किंवा १३:००:४५ (पोटॅशियम नायट्रेट) लिटरला १० ग्रॅम. तीन-चार दिवसांत शेंडा हिरवा व्हायला लागतो. मग वाफसा आला, म्हणजे जास्तीचं पाणी उतरून माती काम करण्याजोगी झाली, की जमिनीतून खत, तेही अर्धं-अर्धं करून दोनदा.

अजून एक, पुराचं पाणी शिरलं असेल तर कच्ची खायची पालेभाजी, काकडी, टोमॅटो, जे काही त्या पाण्याला लागलं ते टाकून द्या. धुतलं तरी नको, पुराच्या पाण्यात काय काय मिसळलेलं असतं ते आपल्याला माहिती असतं.

वाफसा : इथे बसायचं

वाफसा आला की नाही हे वरून दिसत नाही. वीतभर खणा, तिथली माती मुठीत घेऊन दाबा. पाणी सुटलं किंवा हात चिकट झाला तर नाही. गोळा झाला, तर तो अंगठ्याने दाबा, भुगा होऊन पडला तर चला कामाला, आणि लोण्यासारखा चपटा होऊन दोन बोटांत त्याची पट्टी निघायला लागली तर घरी जा. भारी काळ्या जमिनीत वर भेगा पडायला लागतात तरी खाली चिखल असतो, तिथेच फसगत होते.

आणि तण? असू द्या चार दिवस. ओल्यात केलेली कोळपणी तणाला एका जागेवरून उचलून दुसऱ्या जागी लावते, दुसरं काही नाही.

गारा आणि वारा

गारपीट झाल्यावर दुसऱ्या दिवशी शेत बघवत नाही. पानांच्या चिंध्या झालेल्या असतात, आणि त्याच दिवशी माणूस ठरवतो की सगळं मोडून टाकतो, नांगर घालतो. नका करू. ७ ते १० दिवस थांबा. मक्याचं उदाहरण घ्या, पाच-सहा पानांपर्यंतच्या मक्याचा वाढीचा कोंब जमिनीच्या खाली असतो, त्यामुळे वरची सगळी पानं गेली तरी तो परत फुटतो. एखादं झाड घेऊन खोड उभं चिरून बघा, आतला कोंब पांढरा-पिवळसर आणि कडक असेल तर जिवंत, पिचपिचीत तपकिरी असेल तर संपलं. सोयाबीनचं उलटं आहे, त्याचा कोंब पहिल्या दिवसापासून जमिनीच्या वर. तरी पहिल्या दोन जाड दलांच्या बेचक्यात राखीव डोळे असतात, दलांच्या वर मोडलं तर बाजूने फूट येते, दलांच्या खाली मोडलं तर ते झाड धरू नका. मग ओळीतली मीटरभर लांबी मोजून जिवंत झाडं किती ते मोजा, दहा ठिकाणी, आणि त्यानंतर दुबार पेरणीचा विचार करा. उशिरा पेरलेलं पूर्ण पीक आणि वेळेत आलेलं विरळ पीक ह्यात बऱ्याचदा विरळच परवडतं.

पण एक काम थांबायचं नाही. गारांनी झालेली प्रत्येक जखम म्हणजे रोगाला उघडं दार, विशेष करून जिवाणूजन्य करपा आणि फळझाडांत खोडावरचे चट्टे. पाऊस उघडला की २४ तासांच्या आत ताम्रयुक्त बुरशीनाशक फवारलं तर जखमा भरायला वेळ मिळतो. फळझाडांत खोडाच्या साली सोलल्या असतील तर तिथे बोर्डो पेस्ट (मोरचूद आणि चुन्याचा लेप). थंड आणि पान वाळतच नाही अशा हवेत मात्र तांब्याचा डोस वाढवू नका, पानं जळतात. आणि झाडाला लगेच भरमसाट नत्र देऊन "जोर" आणायचा प्रकार तर अजिबात नको, कोवळी लुसलुशीत फूट येते आणि तीच आधी रोगाला बळी पडते.

वाऱ्याने पीक लोळलं तर ते उभं करायचा हट्ट किती करायचा हे वयावर आहे. तुरा यायच्या आधीचा मका दोन-तीन दिवसांत आपोआप वळतो, बुंध्याला बाक येतो पण उभा राहतो. तुरा आल्यावर पडला तर तो फारसा उठत नाही, आणि तुम्ही हाताने उचलायला गेलात तर उरलेली मुळं तुटतात. गहू दाणा भरताना लोळतो त्याचं कारण बहुतेक वेळा आपल्याकडेच असतं, नत्र जास्त, पेरा दाट, आणि वारा सुटलेला असताना दिलेलं पाणी. माती मऊ, वर ओंबीचं वजन आणि त्यात वारा, आडवा होणारच. दाणे भरायच्या काळात वाऱ्याच्या दिवशी पाणी देऊ नका, रात्री वारा पडल्यावर द्या.

वारा अडवायला बांधावर झाडांची ओळ लावायची असेल तर वाऱ्याला आडवी आणि थोडी विरळ लावा. सलग भिंतीसारखी दाट नको, भिंतीवरून वारा उसळी मारून पलीकडे आदळतो, विरळ ओळीतून तो गाळून, मंद होऊन जातो. झाडांच्या उंचीच्या दहा पट अंतरापर्यंत चांगला आडोसा मिळतो, म्हणजे २० फुटी झाडं असतील तर पलीकडे २०० फूट. उघडी, नांगरून ठेवलेली कोरडी जमीन आणि वारा एकत्र आले की काय होतं ते अमेरिकेने १९३० च्या दशकात भोगलंय. १४ एप्रिल १९३५ ला तिथे धुळीचं असं वादळ आलं की दिवसाढवळ्या अंधार झाला, लोक अजून त्याला काळा रविवार म्हणतात. दुष्काळ होताच, पण जमीन उघडी पाडली होती ती माणसांनी.

वीज : इथे काही विचार करायचा नाही

वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजा, तीनने भागा, तेवढे किलोमीटर वीज लांब आहे. ३० सेकंदांच्या आत आवाज आला म्हणजे ती १० किलोमीटरच्या आत आहे, लगेच पक्क्या घरात नाहीतर बंद काचेच्या गाडीत. शेवटचा गडगडाट झाल्यावर ३० मिनिटं बाहेर पडायचं नाही, बहुतेक लोक "आता थांबला" म्हणून याच अर्ध्या तासात बाहेर पडतात. शेतातली पत्र्याची उघडी खोप म्हणजे निवारा नाही, एकटं झाड तर नाहीच नाही.

जनावरं झाडाखाली का मरतात माहितीये? वीज झाडावर पडते आणि जमिनीतून चारी बाजूंना पसरते, जवळ जास्त आणि लांब कमी अशी. गायीचे पुढचे आणि मागचे पाय एकमेकांपासून बरेच लांब असतात, त्या दोन जागांमधल्या फरकाने करंट एका पायाने चढून छातीतून दुसऱ्या पायाने उतरतो. म्हणून ढग दाटून आले की आधी झाडाला बांधलेली जनावरं सोडा, हे काम पहिल्या गडगडाटाच्या आधीचं आहे, नंतरचं नाही. तारेच्या कुंपणापासूनही लांब.

आणि पावसानंतर मोटारीचा स्टार्टर. पेटी ओली, पाय चिखलात, हात ओला, आणि घाई अशी की पाणी उपसायचंय. आधी मेन बंद, पेटी पूर्ण कोरडी, पायात कोरडी रबरी चप्पल, तरी शंका असेल तर वायरमनला बोलवा. पिकाचं एक दिवस नुकसान चालेल.

ढगाळ, दमट, धुकं : हळूहळू खाणारं हवामान

याचा फोटो कुणी काढत नाही, पण माझ्या मते सगळ्यात जास्त पैसा इथेच जातो. रोगासाठी पाऊस किती पडला याला महत्त्व कमी, पान किती तास ओलं राहिलं याला जास्त. बुरशीचा बीजाणू पानावर पडतो, त्याला रुजायला पाण्याचा पातळ थर काही तास सलग लागतो, तो पावसाचा असो, धुक्याचा असो की दवाचा. बटाट्याच्या उशिरा येणाऱ्या करप्यासाठी ब्रिटनमध्ये एक साधा नियम वापरतात, सलग दोन दिवस किमान तापमान १० अंशांच्या वर आणि रोज निदान ६ तास आर्द्रता ९० टक्के किंवा जास्त, की धोका समजायचा. आधी हा नियम ११ तासांचा होता, तो नंतर कडक केला. हाच तो रोग ज्याने १८४५ पासून आयर्लंडमध्ये दुष्काळ पाडला. द्राक्षातल्या डाऊनीसाठी, म्हणजे केवडा रोगासाठी, पण तीन दहांचा नियम आहे, तापमान १०, पाऊस १० मिमी आणि फूट १० सेंटिमीटर, तिन्ही जमले की पहिला हल्ला.

तर करायचं काय? सकाळी ९ वाजता पिकाच्या आत, खालच्या पानांना हात लावून बघा. वरची पानं वाळलेली असतात आणि आतली ओलीच असतात. रोज अशी दुपारपर्यंत ओली राहत असतील तर खालची जुनी पानं काढा, हवा खेळू द्या, तुषार सिंचन संध्याकाळी लावत असाल तर ते पहाटेवर आणा म्हणजे दव आणि पाणी एकाच वेळी वाळेल.

फवारणीबद्दल थोडं जास्त बोलतो, कारण इथे औषध नुसतं मातीत जातं. पानावर बसून राहणारं औषध, म्हणजे मॅन्कोझेब, ताम्रयुक्त वगैरे, हे पावसाच्या आधी मारायचं असतं, ते राखण करतं, रोग आत शिरल्यावर ते काही करत नाही. आंतरप्रवाही औषध रोग शिरल्यावरही काही काळ काम करतं, पण तेही पानात उतरायला काही तास कोरडे लागतात, ते लेबलवर लिहिलेलं असतं, दुकानदाराला विचारण्याआधी लेबल वाचा. टपटपणाऱ्या ओल्या पानावर फवारलं तर औषध पातळ होऊन खाली गळतं. वारा ताशी ३ ते १५ किलोमीटर असावा. जास्त वारा नको हे सगळ्यांना माहिती आहे, पण अजिबात वारा नसणं पण वाईट हे कुणी सांगत नाही. पहाटे एकदम शांत असतं तेव्हा जमिनीलगत थंड हवा आणि वर गरम हवा असा थर होतो, बारीक थेंब खाली न बसता तरंगत राहतात आणि सावकाश शेजारच्या शेतात जातात. ओळखायचं सोपं आहे, कुठे धूर दिसत असेल तर बघा, तो वर न जाता आडवा पसरत असेल तर अजून थांबा, ऊन चढू द्या.

ढगाळ दिवसांत मधमाश्याही बाहेर पडत नाहीत, फुलं येतात आणि गळतात. त्यावर टॉनिकच्या तीन बाटल्या विकत घेऊन मारायची लोकांना सवय लागलीय. सूर्यप्रकाश बाटलीत येत नाही हो.

ऊन आणि ताण

दुपारी पानं मरगळली म्हणून धावत पाणी सोडू नका. भोपळा-काकडीसारखी मोठ्या पानांची पिकं भरपूर ओल असतानाही दुपारी मान टाकतात. खरी परीक्षा सकाळी सातला. सकाळी पण मरगळलेली असतील तर पाणी हवंय.

उन्हाने सगळ्यात आधी फुलोरा मारला जातो, झाड हिरवंगार दिसतं आणि दाणा भरत नाही. भातात फुलोऱ्याच्या वेळी ३५ अंशांच्या वर गेलं की परागकण वांझ होतात, पळंज लोंब्या येतात. टोमॅटोत दिवसाच्या उन्हाएवढीच रात्रही महत्त्वाची, रात्री थंड झाल्या नाहीत तर फळ बसत नाही. त्यामुळे पाणी कमी असेल तर ते सगळ्यांना थोडं थोडं वाटण्यापेक्षा नाजूक अवस्थेला राखून ठेवा, मक्याला तुरा-स्त्रीकेसराच्या वेळी, भुईमुगाला आऱ्या (ज्यांच्या टोकाला शेंग धरते ते देठ) जमिनीत शिरताना, सोयाबीनला शेंगा भरताना. बाकी वेळी पीक थोडं तहानलेलं राहिलं तरी चालतं. पावसात खंड पडला की आपल्याकडे म्हण आहेच, एक कोळपणी म्हणजे अर्धं पाणी, वरचा थर भुसभुशीत झाला की खालची ओल वर चढून उडायची थांबते, भेगा बुजतात. त्यावर पालापाचोळ्याचं आच्छादन मिळालं तर सोन्याहून पिवळं.

जनावरांचं. गाय निवांत उभी असताना तिची कूस बघा आणि एका मिनिटात किती वेळा हलते ते मोजा. ६० च्या वर गेलं म्हणजे तिला ऊन लागतंय, दूध कमी व्हायच्या आधी हे दिसतं. सावली, भरपूर गार पाणी, आणि चारा संध्याकाळी-रात्री, कारण चारा पचताना पोटात उष्णता तयार होते. म्हशीला घामाच्या ग्रंथी कमी आणि कातडी काळी, तिला अंगावर पाणी पाहिजेच. कोंबड्यांना ऐन दुपारी खाद्य घालू नका, याच कारणाने.

एक धोका लोक विसरतात. पाण्याच्या ताणात खुरटलेली कोवळी ज्वारी, किंवा कापल्यानंतर पावसावर आलेले नवे फुटवे, यात विष तयार होतं, जनावराला किराळ लागते आणि ते काही मिनिटांत जाऊ शकतं. अशा रानात भुकेली जनावरं सोडू नका, ज्वारी कमरेएवढी होऊ द्या, किंवा कापून नीट वाळवून मग घाला.

माणसांचं पण तेच. तहान लागायची वाट न बघता पाणी प्या, जड कामं सकाळी उरका. बरोबर काम करणारा माणूस असंबद्ध बोलायला लागला, तोल जायला लागला की त्याला "जरा बस" म्हणून सोडू नका, तो उष्माघात असू शकतो, आधी सावलीत नेऊन अंगावर पाणी ओता आणि वारा घाला, गाडीची व्यवस्था होईपर्यंत हे चालू ठेवा. घाम येतोय म्हणजे उष्माघात नाही हा गैरसमज आहे, कष्टाच्या कामात घाम येत असतानाही तो होतो.

थंडी

निरभ्र आकाश, वारा बंद, हवा कोरडी, ही रात्र धोक्याची. अंदाजात ३-४ अंश दाखवत असले तरी जमिनीलगत पानावर शून्य होऊ शकतं, कारण ते तापमान माणसाच्या छातीएवढ्या उंचीवर मोजलेलं असतं. थंड हवा पाण्यासारखी उताराने वाहत जाते आणि खोलगटात साचते, म्हणून एकाच शेतात खालच्या कोपऱ्यातलं पीक जळतं आणि वरचं वाचतं. आदल्या संध्याकाळी हलकं पाणी द्या, ओली माती दिवसाची ऊब जास्त साठवते आणि रात्री सोडते. तुषार चालू करणार असाल तर पहाटे बर्फ वितळेपर्यंत बंद करायचे नाहीत, मध्येच बंद केले तर न लावलेलं बरं. धूर करण्याचा उपयोग मला तरी फारसा दिसला नाही, ऊब जाळाने येते, धुराने नाही. आणि करपलेल्या फांद्या लगेच छाटू नका, नवी फूट कुठून येते ते दिसू द्या.

काढणी भिजली तर

कापलेलं पीक भिजलं की ढीग मोडून पातळ पसरवा, ताडपत्री घालून गच्च झाकून ठेवलं तर आतच वाफ धरते. साठवण्यापुरतं धान्य वाळलंय का हे बघायला एक साधी युक्ती. कोरड्या काचेच्या बरणीत मूठ-दोन मूठ धान्य आणि चमचाभर उन्हात खडखडीत वाळवलेलं मीठ टाका, झाकण लावून दोन-तीन मिनिटं हलवा, दहा मिनिटं ठेवा. मीठ काचेला चिकटलं तर ओलावा १५ टक्क्यांच्या वर आहे, परत उन्हात. पोती लावल्यावर लोखंडी सळई आत खुपसून ठेवा, काही तासांनी ओढून हाताला लावा, गरम लागली तर ढीग तापतोय. ओल्या कडब्याच्या, वैरणीच्या गंजीलाही हीच सळई लावा, तिथे तर पेट घ्यायची भीती, आणि ती पहिल्या दिवशी नाही, दोन-चार आठवड्यांनी.

भिजलेला मका आणि भुईमूग, बुरशी दिसत असेल तर "जनावराला तरी घालू" म्हणू नका. त्या बुरशीचं विष उकळून जात नाही आणि दुधात उतरतं.

बियाणं म्हणून ठेवायचं असेल तर १०० दाणे मोजून ओल्या पोत्यात गुंडाळा, सावलीत ठेवा, ओल टिकवा, आठवड्याने कोंब मोजा. भिजलेलं सोयाबीन दिसायला चांगलं असतं आणि उगवायला निम्मंही उगवत नाही.

विमा किंवा भरपाईसाठी नुकसानीचे फोटो पाणी उतरायच्या आधी काढा, तारीख-वेळ दिसेल असे, आणि त्यात विहीर, बांध, खांब असं काहीतरी हलू न शकणारं येऊ द्या. नुसत्या चिखलाचा फोटो कुणाच्याही शेताचा असू शकतो.

आणि शेवटचं, डब्यातलं पाणी रोज मोजून वहीत लिहून ठेवा. माझ्या वहीत त्या ट्रॅक्टरच्या आठवड्याच्या नोंदी आहेत, १८, ४१, ६, २७ मिमी, आणि पाचव्या दिवशी शून्य, पुढे लिहिलंय "ऊन. नांगरट केली." त्याच्याखाली नंतर वेगळ्या शाईने लिहिलंय, वीतभर खणून बघितलं नाही.